बेचिराग की बेचिराख?

मंडळी, एका शब्दापाशी दोन आठवडे अडून बसले आहे, म्हणून हा धागा.

इंजिनिअरिंगला माझ्या वर्गात एक काश्मिरी पंडित मुलगा होता. १९९० साली खोरं सोडून आलेल्या कुटुंबांतल्या मुलांसाठी महाराष्ट्रातल्या कॉलेजांत जागा ठेवल्या होत्या, त्यातून तो पुण्याला आला. घर श्रीनगरात, हब्बा कदलला, व्यथ नदीच्या अगदी काठावर. (झेलमला ते लोक व्यथ म्हणतात. वितस्ता झिजून झालेलं रूप. आपल्याला त्यात व्यथा ऐकू येते, पण तो निव्वळ योगायोग.) आता पन्नाशीला त्याने आठवणी लिहिल्यात. हिंदीत, साधारण नव्वद पानं. छापायच्या नाहीत, मुलीसाठी आहेत. मुलीची आई कोल्हापूरची, मुलगी वाढली पुण्यात, तिला मराठीच सराईतपणे वाचता येतं. तेव्हा मराठी करायचं काम माझ्या गळ्यात.

अडले ते त्याच्या वडिलांच्या एका वाक्यावर. वडील महसूल खात्यात कारकून. जम्मूच्या मुठी कॅम्पात तंबूबाहेर खाटेवर बसून ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "हमारा कूचा बेचिराग़ हो गया." मी झरझर लिहून मोकळी झाले: "आमची गल्ली बेचिराख झाली." पानं त्याला पाठवली. पंचवीस वर्षं महाराष्ट्रात काढलेला माणूस, मराठी उत्तम कळतं. रात्री फोन.

"ही राख कुठून आली? आमचं घर जळलं नव्हतं."

मी म्हटलं, अरे शब्द तोच आहे, मराठीत असाच म्हणतात. तर म्हणाला, "तोच कसा? कोणाकोणाची घरं जाळली. आमचं नाही जाळलं. कुलूप लावून निघालो, एवढंच. मुलीला वाटेल बापाचं घर जळालं."

तर प्रश्न असे. एक, बेचिराग आणि बेचिराख हे एकच की दोन? दोन, त्याच्या लिखाणात पानोपानी 'हालात' आहे, त्याला काय म्हणू? तीन, 'वतन'. 'मायभूमी' लिहिलं की शाळेतला समूहगीताचा तास आठवतो. सुचवा.

दप्तरी

ताई, हयात महसुलात गेली म्हणून बोलतो. बेचिराग हा आमचा कामाचा शब्द. बेचिराग गाव म्हणजे जळालेलं गाव नव्हे. गावाचा नकाशा असतो, गट नंबर असतात, सातबारा निघतो, पिकं उभी असतात, शेतसारा भरला जातो. फक्त राहतं कोणी नसतं. शेजारच्या गावचे लोक येऊन शेत करतात आणि दिवस मावळायला आपापल्या घरी जातात. काळी आहे, पांढरी नाही. (शहरातल्यांसाठी: काळी म्हणजे कसायची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची जागा.)

अशी गावं पायांनी पाहिली आहेत. पांढरीच्या जागी माती खरंच पांढुरकी असते, पावसाने धुतली की खापऱ्या वर येतात. एखादा बुजलेला आड, चिंच, आणि मारुती. मारुतीला मात्र शेंदूर ताजा. कुठून तरी येऊन वर्षातून एकदा कोणीतरी लावून जातं. गाव का उठलं विचारलं तर म्हणतात 'पटकीत उठलं', म्हणजे कॉलऱ्यात. कोणत्या साली, ते कोणालाच माहीत नसतं.

जम्मू-काश्मीरचं महसुली दप्तर उर्दूत. तुमच्या मित्राच्या वडिलांनी हा शब्द शायरीतून नाही, रजिस्टरातून उचललाय. कारकुनाने आपल्याच गल्लीसमोर शेरा मारला, असं समजा.

शुद्धलेखन_शत्रू

'बे' म्हणजे विना, 'चिराग' म्हणजे दिवा. फारसी. जिथे दिवा लागत नाही ते बेचिराग. इथपर्यंत सगळे सांगतील. पण 'ख' राखेतून आला असं जे सर्रास सांगतात ते मला पटत नाही. मराठीने दिव्यालाच चिराख म्हटलं होतं, दिवा ठेवायचं ते चिराखदान. बाहेरून आलेल्या शब्दाच्या शेवटी आपली जीभ अशी घसरते: मुल्क होता, त्याचा मुलूख केला. हलाक होता, त्याचा हलाख, त्यावरून हलाखी. (सरसकट नियम नाही. बाग ही बागच राहिली.) म्हणजे 'ख' आधी आला, राख मागून ऐकू यायला लागली. चिराख बोलण्यातून गेला, दिवा कोणाला दिसेना, मग कानाने ओळखीचं काय ते धरलं. आज वर्तमानपत्रात 'बॉम्बहल्ल्यात शहर बेचिराख' येतं तेव्हा लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर राखच असते, आणि ते चूकही म्हणता येणार नाही. शब्द वापरणाऱ्याचा.

पण तुमच्या वाक्यात चूक आहे. तिथे बेचिराख नको.

सांजवात

मग 'बेचिराग' तसाच ठेवून चालेल का? सतरा-अठरा वर्षांच्या मुलीला कळेल? मला तरी आज कळला.

एक सुचतं. आपल्याकडे दिवा 'विझवला' म्हणत नाहीत. दिवा वाढवतात, निजवतात, दिव्याला निरोप देतात. विझवणं अशुभ. म्हणजे मराठी बाईला नुसतं 'तिथे दिवा लागत नाही' एवढं सांगितलं तरी पोटात गोळा येतो, राखेची गरज नाही. आमचं घर राजापूरकडे. वाडीतल्या अकरा घरांपैकी सात बंद. गणपतीत उघडतात, दहा-बारा दिवस दिवेलागण होते, पुन्हा कड्या. आई अजून म्हणते, "दिव्याला माणूस नाही." म्हातारी माणसं वेतोबाला घाबरत नसतील एवढी तिन्हीसांजेला त्या रस्त्याने जायला घाबरतात.

पण हेही खरं की आम्ही पोटासाठी मुंबईला गेलो, कोणी हाकललं नाही. दोन्हीला एक शब्द वापरू नये असं वाटतं.

बखरवाला

मराठी कागदांत याची जोडी सापडते: 'मुलूख बेचिराख, रयत परागंदा.' पहिला शब्द जागेचा, दुसरा माणसांचा. परागंदा म्हणजे फारसीत विखुरलेला. पळालेला नव्हे. आज आपण परागंदा म्हटलं की कर्ज बुडवून पळालेला डोळ्यापुढे येतो, ते अलीकडचं. मूळ अर्थाने तुमच्या मित्राच्या लोकांना हा शब्द चपखल आहे. कोणी जम्मूत, कोणी दिल्लीत, कोणी पुण्यात.

पुणंही एकदा असंच झालं होतं. १६३०च्या सुमारास मुरार जगदेवाने गाव जाळलं, गाढवाचा नांगर फिरवला. त्याच वर्षांत दख्खनचा मोठा दुष्काळ. नंतर जिजाबाई आणि दादोजी कोंडदेवांच्या वेळी पुन्हा वसवलं. सोन्याच्या नांगराची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, पण माणसं नांगराने परत येत नाहीत, कौलाने येतात. उठलेली रयत परत आणायला सरकार कौल द्यायचं, की या, जमीन कसा, पहिल्या वर्षी सारा थोडा, पुढे वर्षावर्षाने चढता. त्याला इस्ताव्याचा कौल म्हणत. कागदावर मोहोर उठली की लोक गाडी जुंपायचे.

मित्राला विचारा, त्यांना असा कौल कोणी दिला का.

मूळ धागाकर्ती

विचारलं. हसला. म्हणाला, आम्हाला कार्ड दिलं. त्यावर 'माइग्रंट'. म्हणजे आपण होऊन गेलेले. या एका शब्दावर त्याच्या समाजाचा अजून राग आहे, त्यांचं म्हणणं विस्थापित म्हणा. वडिलांनी १९९६ साली घर विकलं, येईल त्या भावात, कारण त्याची कॉलेजची फी आणि बहिणीचं लग्न. पुढच्याच वर्षी, १९९७ला, विस्थापितांची घरं-जमिनी अशा नडीच्या विक्रीतून वाचवायचा कायदा झाला. "बाबूजी कारकून होते ना," म्हणाला, "त्यांनी तो कायदा अख्खा वाचला. कलम न् कलम. पेन्सिलने खुणा केल्या. मग घडी करून ट्रंकेत ठेवला."

सांजवात, तुमचा दिवा त्याला फार आवडला. त्यांच्या भाषेत दिव्याला चोंग. आणि इथे गंमत: त्यातला च आपल्या चोरातला, चहातला नाही. हिंदीत तो उच्चारच नाही, म्हणून हिंदीत लिहिताना तो बिचारा च खाली नुक्ता देत बसलाय. मराठीत नुक्ता काढून टाकला आणि त्याला मोठ्याने वाचून दाखवलं, तर गप्प झाला. मग म्हणाला, पुण्यात आल्यावर पहिल्या आठवड्यात मेसच्या काकू 'चार चमचे' म्हणाल्या तेव्हा मला आजी आठवली होती, तुला कधी सांगितलं नाही.

आणखी एक जागा आहे, विचारूनच टाकते. त्यांची महाशिवरात्र म्हणजे हेरथ. त्यात अक्रोड भिजत घालतात, पूजा झाली की ते सगळीकडे वाटायचे. दुसऱ्या दिवसाला 'सलाम' म्हणतात. त्या दिवशी शेजारचे मुसलमान घरी शुभेच्छा द्यायला यायचे, तेच दिवसाचं नाव पडलं. १९९० साली हेरथ कॅम्पात आली. आजीने अक्रोड प्लास्टिकच्या बादलीत भिजवले, तीही दुसऱ्याची, कारण आपली एकच होती आणि ती पाण्याच्या रांगेत. पुढचं वाक्य आहे: "अगले दिन सलाम था. कोई नहीं आया, आना किसको था." मी 'सलाम' तसाच ठेवला. बरोबर ना?

दप्तरी

ठेवा. त्याला हात लावू नका.

येसकर_नातू

वतनाबद्दल लिहितो. वर कोणी हात घातला नाही म्हणून.

उर्दूत वतन म्हणजे देश, घर, जिथे नाळ पुरली ती जागा. मराठीत आल्यावर वतनाला सातबारा लागला. पाटीलकीचं वतन, कुलकर्णाचं वतन, देशमुखी. वतन म्हणजे पिढीजात हक्क, आणि त्या हक्काबरोबर जमीन. वतनासाठी भावाभावांनी गळे कापले, त्याचे महजर, म्हणजे निवाड्याचे कागद, वाचायला मिळतात. म्हणजे 'माझं वतन सुटलं' हे वाक्य जुन्या मराठी माणसाने ऐकलं तर विचारेल, किती बिघे?

आमच्याकडे आणखी तिसरा अर्थ. महारवतन. माझ्या पणज्याकडे येसकरकी होती. वेशीवर पहारा, मेलेलं ढोर ओढणं, मर्तिकाचा सांगावा पाच-सहा कोस चालत पोचवणं, सरकारी साऱ्याच्या थैलीबरोबर तालुक्याला जाणं. रात्री-अपरात्री केव्हाही. बदल्यात जमिनीचा तुकडा आणि दारोदारची भाकरी. हे 'वतन'. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात त्यावर विधेयक आणलं. वतनं कायद्याने गेली ती १९५८च्या कायद्याने, तेव्हा बाबासाहेब नव्हते. आमच्या घरात 'वतन गेलं' ही आनंदाची बातमी होती. आजोबा ती पेढे वाटल्यासारखी सांगायचे.

१४ ऑगस्ट १९३१ला मुंबईत मणिभवनात बाबासाहेब गांधीजींना भेटले तेव्हा म्हणाले, गांधीजी, मला मायभूमी नाही. तेव्हा ताई, 'मायभूमी' लिहिताना तुम्हाला समूहगीत आठवतं. मला हे आठवतं.

मित्राच्या दुःखाला कमी लेखत नाही. माणसाला घरातून काढलं की काढलं. एवढंच म्हणतो की 'वतन' तसाच ठेवलात तर मराठी वाचकाच्या मनात जमीन येईल, किंवा माझ्यासारख्याच्या मनात वेस येईल. मी असतो तर 'गाव' लिहिलं असतं. 'गाव सुटलं.' श्रीनगर कितीही मोठं शहर असो. मुंबईतसुद्धा विचारतात, तुमचं गाव कुठलं.

मूळ धागाकर्ती

हे वाचून उत्तर द्यायला दोन दिवस गेले. 'गाव सुटलं' केलं. अकरा ठिकाणी वतन होतं, नऊ ठिकाणी गाव बसलं. दोन ठिकाणी वाक्यच काढलं, त्याच्या परवानगीने. तिथे तो थोडा भाषण देत होता.

मांजराकाठ

हालातबद्दल. मी लातूरकडची. आमच्याकडे मोठी माणसं काळ असा सांगतात: 'रझाकारात', 'प्लेगात', 'बाहत्तरच्या दुष्काळात'. साल नाही, सप्तमी. 'तुझा आजा रझाकारात बार्शीकडे पळाला होता.' म्हणजे निजामाच्या हद्दीबाहेर. आणि आमच्याच गल्लीतली मुसलमान आजी तोच काळ 'पोलीस अ‍ॅक्शनमध्ये' म्हणून सांगायची. सप्टेंबर १९४८, भारताची फौज निजामाच्या राज्यात शिरली ते. तेच वर्ष, तीच गल्ली. आमची भीती संपली तिथून तिची सुरू झाली. दोघी एका ओट्यावर बसून शेवया करायच्या आणि दोघींचे शब्द कधी एकमेकींना लागले नाहीत.

माझं निरीक्षण असं की काश्मीरचा 'हालात' वेगळा आहे. त्यात कर्ताच नाही. 'रझाकारात' म्हटलं की कोणी केलं ते कळतं. 'हालात खराब थे' यात कोणीच काही केलेलं नसतं, पाऊस पडावा तसं. कदाचित म्हणूनच तिथे पंडितही तो वापरतात आणि मुसलमानही. समोर कोण बसलंय ते न बघता बोलता येतं.

आणि खरी मजा पुढे आहे. मराठीत हाल म्हणजे काय? मूळ अरबीत नुसती अवस्था. 'हालहवाल' मध्ये अजून तोच अर्थ आहे. पण आपण एकट्या हालाला यातनाच करून टाकलं. हाल झाले, हाल काढले, हाल कुत्रं खात नाही. म्हणजे मराठी वाचक 'हालात' शब्द बघेल तेव्हा त्याला तो आपला सप्तमीचाच वाटेल. 'हालात दिवस काढले.' ठेवून द्या तसाच. दोन्ही ऐकू येईल.

शुद्धलेखन_शत्रू

हाल अनेकवचनी. हालां-त. अनुस्वार हवा. 'हालांत'. सॉरी, राहवलं नाही.

(आणि वर मी हलाखीचं लिहिलं ते याच्याशी जोडू नका. हाल वेगळा, हलाक वेगळा. हलाक म्हणजे नाश. दोन्ही अरबी, पण 'ह' सुद्धा वेगळे.)

कोपऱ्यातला

सगळा धागा वाचला. एक खटकतंय, विचारतो, राग मानू नका. गल्लीत फक्त पंडितच राहत होते का? हेरथला शेजारी यायचे असं वर लिहिलंय. मग ते शेजारी १९९०नंतर कुठे गेले? ते तिथेच असतील तर गल्ली बेचिराग कशी? दप्तरी काकांच्या व्याख्येने तर एकही घर वसतं असेल तर शेरा मारता येत नाही.

दप्तरी

नाही मारता येत. बरोबर आहे.

मूळ धागाकर्ती

हा प्रश्न त्याला जसाच्या तसा पाठवला. पाच दिवस उत्तर नाही. मला वाटलं दुखावला.

काल स्वतः घरी आला. म्हणाला, बाबूजींचं वाक्य मी इतकी वर्षं घोकलं, कधी मोजून पाहिलं नाही. गल्लीत सोळा घरं. नऊ आमची, सात त्यांची. सात घरी माणसं होतीच. २०१२ साली तो पहिल्यांदा परत गेला तेव्हा त्या सातांपैकी एका घरात चहाला बसला होता. तिथल्या काकांनी सांगितलं, त्या काळात संध्याकाळी आम्हीही दिवे घालवून बसायचो. कर्फ्यू असायचा, रात्री केव्हा दार वाजेल आणि कोण वाजवेल सांगता यायचं नाही. खिडकीला आतून ब्लँकेट. त्यांचा मोठा मुलगा १९९३ साली घरातून गेला तो आलाच नाही, त्याचा फोटो भिंतीवर होता, त्याला हार नव्हता. आई घालू देत नाही.

म्हणजे गल्लीत अंधार होता हे खरं. रिकामी होती हे खोटं.

त्याने काय केलं, तर बाबूजींचं वाक्य ठेवलं. ते त्यांचं आहे, त्यांच्या तोंडी राहू दे म्हणाला. मराठीत 'बेचिराग'च, 'ग' असलेला, आणि अर्थ सांगायला पुढे सांजवात यांच्या आईचं वाक्य उसनं घेतलं आहे: 'दिव्याला माणूस नाही.' परवानगी द्याल ना? त्याखाली त्याने स्वतःचा एक नवा परिच्छेद लिहिला, त्यात ती सात घरं आणि ते ब्लँकेट. शेवटी आपलं जुनं घर. रस्त्यावरून पाहिलं, आत गेला नाही. नव्या मालकाने वरचा मजला पत्र्याचा केलाय, खालच्या खिडक्या त्याच. वाक्य असं: "हमारी खिड़की में किसी और की बत्ती जल रही थी."

बत्तीला दिवा लिहू का? इतका वेळ दिव्याबद्दलच चाललंय म्हणून.

सांजवात

आईला विचारलं, ती म्हणाली घ्या की, माझ्या एकटीचं आहे का ते.

आणि दिवा नको. दिवा आपण लावतो. ती दुसऱ्याची आहे ना, मग लाइट लिहा.

शुद्धलेखन_शत्रू

लाइट. बत्ती मराठीत फक्त गुल होते.